बोटीच्या पोटातला दौरा: 150 डॉलर द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिॲटलहून 7 रात्रींची अलास्का क्रूझ बुक झाली आहे. सोबत आई-वडील आणि 11 वर्षांची मुलगी. वडिलांची सगळी नोकरी कारखान्यात मेंटेनन्समध्ये गेली, त्यामुळे त्यांना बोटीचं इंजिन बघायची फार इच्छा आहे. कंपनीच्या ॲपवर पडद्यामागचा दौरा दिसतोय, माणशी 150 डॉलर. चौघांनी घ्यावा, एकट्या वडिलांना पाठवावं, की सोडून द्यावा?

मी बरीच वर्षं अशाच मोठ्या बोटींवर प्रोव्हिजनमध्ये काढली, म्हणजे खाण्यापिण्याच्या मालाची कोठारं सांभाळायचं खातं. हे दौरे आमच्या दारात येऊन थांबायचे आणि पाहुण्यांसमोर उभं राहून बोलायचं काम बऱ्याचदा माझ्याच गळ्यात पडायचं. त्यामुळे दौरा विकत घेणाऱ्यापेक्षा मला तो दाखवणाऱ्याच्या बाजूने जास्त ठाऊक आहे.

आधी इंजिनाचं बोलू, कारण तुमचा निर्णय त्यावरच अडला आहे. चालू इंजिनाच्या शेजारी तुम्हाला जवळपास कुठलीच कंपनी नेत नाही. नेतात ते इंजिन कंट्रोल रूममध्ये. ही एसी लावलेली, स्वच्छ, बऱ्यापैकी शांत खोली असते. भिंतभर स्क्रीन, समोर दोन-तीन इंजिनिअर, कॉफीचे मग. ‘इंजिन बघायला’ म्हणून आलेल्या निम्म्या लोकांचा चेहरा इथेच पडतो. पण कारणं रास्त आहेत. खाली आवाज 100 डेसिबलच्या वर, गरम पाइप, उभ्या लोखंडी शिड्या, आणि काही झालं तर पंधरा अनोळखी माणसांना वर काढायची जबाबदारी. शिवाय 1 जुलै 2004 पासून जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय आयएसपीएस कोड लागू झाला. त्यात ब्रिज (जिथून बोट चालवतात ती खोली), इंजिन रूम अशा जागा ‘रिस्ट्रिक्टेड एरिया’ ठरतात, म्हणजे कोण आत गेलं, कोणाबरोबर गेलं याचा हिशोब ठेवावा लागतो. म्हणून दौऱ्याच्या सुरुवातीला तुमचं नाव तपासतात, सही घेतात, कधी अंगावरून मेटल डिटेक्टर फिरवतात आणि फोन-कॅमेरा बाजूला ठेवायला लावतात.

असं असलं तरी तुमच्या वडिलांसारख्या माणसाला त्या खोलीत खूप काही सापडेल, फक्त काय विचारायचं ते माहीत हवं. आजच्या बहुतेक मोठ्या क्रूझ बोटी डिझेल-इलेक्ट्रिक असतात. इंजिनं थेट पाण्यातला पंखा (प्रोपेलर) फिरवत नाहीत, ती वीज तयार करतात. त्याच विजेवर बोट पुढे ढकलणाऱ्या मोटारी चालतात आणि त्याच विजेवर केबिनमधला दिवाही लागतो. कितीतरी बोटींवर तर मोटार बोटीच्या बाहेर, पाण्याखाली लटकणाऱ्या पॉडमध्येच असते. क्रूझ बोटींमध्ये असे ॲझिपॉड पहिल्यांदा 1998 मध्ये कार्निव्हलच्या ‘इलेशन’वर बसले. म्हणजे खाली आहे ते एक वीजघर आहे, आणि वडिलांनी त्याच नजरेने प्रश्न विचारावेत. आत्ता किती जनरेटर लाइनवर आहेत? एकूण लोडपैकी बोट ढकलायला किती आणि हॉटेलला, म्हणजे केबिन, स्वयंपाकघर, एसी वगैरेंना किती? बंदरात शिरताना एखादा जनरेटर जास्तीचा का चालू ठेवता? इंजिनाच्या थंडाव्याच्या पाण्यातली उष्णता जाते कुठे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आवडेल. त्या उष्णतेवर इव्हॅपोरेटर चालतात: हवेचा दाब कमी करून समुद्राचं पाणी कमी तापमानाला उकळायचं आणि वाफ थंड करून गोडं पाणी मिळवायचं. बाकीचं पाणी रिव्हर्स ऑस्मॉसिसमधून येतं. तुमच्या शॉवरचं पाणी बऱ्याच अंशी असंच बोटीवर बनलेलं असतं. असा एक प्रश्न आला की स्क्रीनकडे बघत बसलेला सेकंड इंजिनिअर खुर्ची फिरवून उभा राहतो, हे मी पाहिलं आहे. ‘इंजिन किती हॉर्सपॉवरचं?’ याचं उत्तर तो पाठ केल्यासारखं देतो आणि विषय संपतो.

अलास्काच्या मार्गावर वडिलांसाठी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती फुकट आहे. ज्युनो बंदरात 2001 पासून क्रूझ बोटींना किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय आहे. क्रूझ बोटींसाठी जगात ती पहिल्यांदा तिथेच झाली, आणि वीज तिथल्या जलविद्युत केंद्रांतून येते. धक्क्यावरून जाड केबल बोटीच्या कुशीतल्या दारात जातात, जोडणी झाली की बोटीचे जनरेटर बंद करता येतात. सगळ्या धक्क्यांवर ही सोय नाही, त्यामुळे तुमची बोट कुठे लागते त्यावर आहे. पण सोय असलेल्या धक्क्याला लागली, तर खाली उतरून वडिलांना ते बघू द्या आणि दौऱ्यात विचारू द्या: चालू जनरेटर आणि किनाऱ्याची वीज जुळवताना एकही दिवा कसा मिचकत नाही? मेंटेनन्सवाल्याला हे सांगायला नको, सिंक्रोनायझिंग त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि त्यांना खरोखरच प्रचंड यंत्रांमधून चालायचं असेल, तर ती हौस निवृत्त जहाजांवर भागते. लॉस एंजेलिसजवळच्या लाँग बीचला ‘क्वीन मेरी’ 1967 पासून उभी आहे, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला ‘एसएस रॉटरडॅम’ आहे. दोन्हींवर इंजिन रूम बघता येते. यंत्रं थंड आहेत, पण हात लावण्याइतकी जवळ. अमेरिकेतल्या याच खेपेत लॉस एंजेलिसला कोणी नातेवाईक असतील तर विचार करा.

आता दौऱ्यात बाकी काय असतं? कंपनीगणिक नाव वेगळं. रॉयल कॅरिबियनवर ‘ऑल ॲक्सेस टूर’, कार्निव्हलवर ‘बिहाइंड द फन’, प्रिन्सेसवर ‘अल्टिमेट शिप टूर’. ढाचा मात्र सारखाच: बोट दिवसभर समुद्रात असते त्या दिवशी, दहा-पंधरा जणांचा गट, तीन-चार तास. गॅली (बोटीचं स्वयंपाकघर), कोठारं, लाँड्री, कचऱ्याची खोली, थिएटरची मागची बाजू, कंट्रोल रूम, शेवटी ब्रिज. कर्मचाऱ्यांच्या केबिन सहसा दाखवत नाहीत. शवागार बोटीवर असतं, प्रत्येक गटात कोणीतरी त्याबद्दल कुजबुजत विचारतंच, पण तेही दाखवत नाहीत.

थिएटर आणि लाँड्री मी भरभर सोडून देतो. कपडेपट आणि दोऱ्या बघायला मजा येते, चादरी घडी करणारं मशीन दोन मिनिटं गुंगवतं, बस. माझ्या मते पैसे वसूल होतात ते गॅली, कोठार आणि कचऱ्याच्या खोलीत. कोठार माझंच होतं म्हणून पक्षपात आहे असं समजा हवं तर. पण बोट चालते कशी हे तिथेच कळतं: हजारो माणसांचं खाणं एका बाजूने आत येतं, त्याचा उरलासुरला भाग दुसऱ्या बाजूने बाहेर जातो, आणि मधे कुठेही स्वच्छ आणि घाण यांची वाट एक होत नाही.

सिॲटलचा दिवस घ्या. सकाळी जुने पाहुणे उतरतायत, दुपारी तुम्ही चढताय, आणि त्याच वेळात खालच्या दारातून 7 दिवसांचा माल आत यायला हवा. ट्रक रांगेत, फोर्कलिफ्ट ये-जा करतायत, पॅलेटमागून पॅलेट. तेव्हा क्रम ठरतो तापमानावर. आइस्क्रीम आणि गोठवलेलं मांस धक्क्यावर उभं राहू शकत नाही, पीठ-साखर राहू शकते. माल आत घेताना आम्ही थर्मामीटर घेऊन उभे. मासे अपेक्षेपेक्षा गरम आले तर पॅलेट तिथूनच परत. एकदा बोट सुटली की बदली माल मिळणार नसतो, तरीही परत. पुठ्ठ्याचे खोके शक्यतो गॅलीपर्यंत जाऊ द्यायचे नाहीत, कारण त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असू शकतात. माल प्लास्टिकच्या क्रेटमध्ये उतरवायचा आणि पुठ्ठा थेट कचऱ्याच्या खोलीत.

कोठारात गेलात की केळी बघा. पाहुणे झिंगे आणि स्टेकच्या फ्रीजरसमोर ‘वॉव’ करतात आणि केळ्यांवरून पुढे जातात, पण आमची परीक्षा केळ्यांत असते. फार थंड ठेवली तर साल काळी पडते, म्हणून ती 13-14 अंशांना, आणि इतर फळांपासून लांब. पिकणारं केळं इथिलीन सोडतं आणि शेजारच्यांनाही पिकवतं. पहिल्या दिवशी आम्ही केळी मुद्दाम वेगवेगळ्या रंगांची घ्यायचो: थोडी पिवळी, थोडी हिरवट, थोडी कच्ची हिरवीगार. सातव्या दिवशी नाश्त्याला तुमच्या हातात पिवळं केळं येतं ते पहिल्या दिवशी हिरवं होतं. शेजारी थॉइंग रूम असते. तिथे गोठवलेलं मांस कमी तापमानात हळूहळू सुटं होतं, म्हणजे परवाच्या जेवणाचं मांस आज फ्रीजरमधून बाहेर काढलेलं असतं. किती काढायचं हे पाहुणे कोण आहेत त्यावर ठरतं. कुठल्या देशाचे किती लोक बुक आहेत हे आधीच कळतं. भारतीय गट मोठा असला की मी दही, डाळी, हिरवी मिरची आणि लिंबू वाढवून मागवायचो. आंब्याच्या लोणच्यासाठी मात्र लोक स्वतःच्या बॅगेवर विसंबतात, आणि बरोबर करतात.

गॅलीत शिरल्यावर उभं कुठे राहायचं? वेटर ज्या दारातून उष्ट्या ताटल्या घेऊन येतात त्या बाजूला नजर ठेवा. ते आधी भांडी धुण्याच्या मशीनकडे वळतात, हात मोकळे होतात, हात धुतात, मग गरम पदार्थांच्या लाइनकडे जातात आणि दुसऱ्याच दाराने बाहेर पडतात. उलटं कोणी चालत नाही. मांस, मासे, भाज्या यांचे कापायचे बोर्ड रंगांनी वेगळे. थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली, गरम 57 च्या वर, मशीनमधलं शेवटचं पाणी 82 अंशांचं. यामागे सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा ‘व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम’, म्हणजे बोटींच्या स्वच्छतेच्या तपासणीचा कार्यक्रम आहे, बोटीवर सगळे त्याला ‘यूएसपीएच’ (यूएस पब्लिक हेल्थ) असंच म्हणतात. अमेरिकन बंदरांत येणाऱ्या मोठ्या प्रवासी बोटींवर हे तपासनीस न सांगता येतात. 100 पैकी 85 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास, आणि गुण सगळ्यांना बघायला प्रसिद्ध होतात. सकाळी ‘यूएसपीएच आलं’ असा फोन आला की गॅलीत जी पळापळ होते ती दौऱ्यात दिसणार नाही. पण तुमच्या बोटीचे मागचे गुण तुम्ही घरबसल्या पाहू शकता. मुलीला ते काम द्या, तपासनिसांनी कुठले दोष लिहिलेत हेही तिथे वाचायला मिळतं.

कचऱ्याच्या खोलीत बऱ्याच बायका-पुरुषांनी नाकाला रुमाल लावलेला पाहिलाय, आणि आत गेल्यावर खाली घेतलेलाही. चांगल्या बोटीवर तिथे वास फारसा नसतो. काच, डबे, पुठ्ठा, प्लास्टिक, उष्टं अन्न, सगळं हाताने वेगळं होतं. जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्पोल कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार प्लास्टिक समुद्रात कुठेही टाकता येत नाही, एक पिशवीसुद्धा नाही. बारीक केलेलं अन्न किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या पलीकडे सोडता येतं, तेही तुकडा 25 मिलिमीटरच्या जाळीतून गेला तर. काही संरक्षित समुद्रांत ही मर्यादा 12 मैलांची आहे. अलास्कात बोट बराच वेळ बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून जाते, म्हणजे किनारा दोन्ही बाजूंना जवळ. मग उष्टं अन्न साठवा, वाळवा, जाळा, पण टाकू नका. काय, किती, कुठे गेलं याची नोंद गार्बेज रेकॉर्ड बुकमध्ये. त्या खोलीतला माणूस तुम्हाला हसत हसत चिमट्याने काढलेले काटे-चमचे दाखवेल. ते ताटलीतल्या खरकट्याबरोबर पल्परमध्ये, म्हणजे अन्न बारीक करणाऱ्या मशीनमध्ये जातात आणि मशीन अडवतात. विचारा त्याला, आज किती सापडले.

ब्रिजवर जास्त अपेक्षा ठेवू नका. मोठं लाकडी चाक नसतं, स्टिअरिंग तळहाताएवढं असतं. अलास्काच्या आतल्या पाण्यात स्थानिक पायलट, म्हणजे तिथल्या पाण्यातून वाट दाखवणारा जाणकार बोटीवर असतो, ग्लेशियर बेमध्ये नॅशनल पार्कचे रेंजरही चढतात, आणि अशा वेळी ब्रिजवर पाहुणे नकोच असतात. त्यामुळे ब्रिजचा टप्पा मोकळ्या समुद्रातल्या दिवशी, थोडक्यात उरकतात. कॅप्टनबरोबर फोटो निघतो, तो बोटीचा फोटोग्राफर काढतो.

हे सगळं जोडणारा एक लांबच लांब कॉरिडॉर असतो. बऱ्याच बोटींवर त्याला अमेरिकेतल्या महामार्गावरून ‘आय-नाइंटीफाइव्ह’ म्हणतात. तिथे तुम्हाला पाहुण्यांच्या नजरेआड असलेली माणसं दिसतील, आणि त्यांत आपली माणसं नक्की असतील. नेमप्लेटवर नावाखाली देश लिहिलेला असतो. गोव्यात बोटीवरच्या माणसाला तारवटी म्हणतात, आणि गोवा, सिंधुदुर्ग, वसई, मुंबई इथली घरंच्या घरं या नोकरीवर उभी राहिली आहेत. मराठी किंवा कोंकणी बोललात तर त्याला बरं वाटेल. पण ‘पगार किती?’ आणि ‘आमच्या भाच्याला लावा ना’ हे दोन प्रश्न तिथे नकोत. दौऱ्याचा गाइड शेजारी उभा असतो आणि त्या पोराला उत्तर देता येत नाही. तो कदाचित ब्रेकवरही असेल. सागरी कामगारांच्या एमएलसी करारानुसार, जो भारतानेही 2015 मध्ये मान्य केला, 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे उरलेला वेळ काम असू शकतं, आणि कॉन्ट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं. त्याची अर्ध्या तासाची सुट्टी आपल्या गप्पांत जाऊ नये.

आता तुमच्या चौघांचा हिशोब. मुलीचं आधी बघा, कारण बहुतेक कंपन्यांत वयाची खालची अट असते आणि 11 वर्षांना अनेक ठिकाणी नाही म्हणतात. ती अट बुकिंगच्या पानावर खाली बारीक अक्षरात असते. आईंचे गुडघे कसे आहेत? सगळ्या टप्प्यांवर लिफ्ट मिळेलच असं नाही, उंबरठे उंच असतात आणि तीन-चार तास बहुतेक उभंच राहावं लागतं. माझं मत विचाराल तर तुम्ही आणि वडील, दोघांनी जा. एकट्या वडिलांना पाठवलंत तर इंग्रजीत, गटासमोर, प्रश्न विचारायला ते संकोचतील. तुम्ही शेजारी असलात तर नाही. चौघांचे 600 डॉलर मी खर्च केले नसते. आई आणि मुलीसाठी फुकटचं शोधा: काही बोटींवर शेफच्या प्रात्यक्षिकानंतर गॅलीतून एक छोटी फेरी घडवतात, कॅप्टन आणि चीफ इंजिनिअरचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम असतो. रॉयल कॅरिबियनच्या फ्रीडम आणि व्हॉयेजर वर्गाच्या बोटींवर पुढच्या टोकाला वरून ब्रिजमध्ये डोकावायची खिडकीही आहे.

वडिलांना ‘चालू इंजिन बघितलं’ असं म्हणता यावं एवढाच हेतू असेल, तर पैसे वाचवा आणि ज्युनोच्या धक्क्यावर कॉफी प्या.

घ्यायचा ठरला तर लवकर बुक करा, जागा थोड्या असतात. बुक करताना विचारून घ्या: कंट्रोल रूम यादीत नक्की आहे का, कोणत्या दिवशी आहे, आणि बोटीनेच रद्द केला तर पैसे परत मिळतात का. दौरा रद्द होऊ शकतो. समुद्र खवळला, किंवा उलट्या-जुलाबांची साथ वाढली, की गॅलीची दारं पाहुण्यांना सगळ्यात आधी बंद होतात, आणि व्हायलाच हवीत. म्हणून वडिलांना आधीपासून ‘नक्की’ असं सांगू नका. बॅग भरताना त्यांचे बंद बूट आणि फुल पँट विसरू नका, चप्पल-सँडल घातलेल्यांना दारातूनच परत पाठवतात. अलास्काच्या थंडीसाठी बूट न्यालच, तेच चालतील.